पहिले पिस्तूल: लंडनचे दुकान, नाशिकचे नाट्यगृह, मुकुटबनचा अर्ज (थ्रेड)

जानेवारी १९०९. लंडनच्या हॉलबर्न भागात गॅमेजेस नावाचे एक अवाढव्य दुकान होते. खेळणी, सायकली आणि खेळाचे साहित्य यांसाठी ते प्रसिद्ध होते. युनिव्हर्सिटी कॉलेजात अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका पंजाबी विद्यार्थ्याने तिथून कोल्ट कंपनीचे नवे कोरे पिस्तूल विकत घेतले. परवाना दाखवला, पैसे मोजले, वस्तू खिशात घातली आणि तो रस्त्यावर आला. त्याचे नाव मदनलाल धिंग्रा.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत मुंबई बंदरात एक प्रवासी उतरला. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये स्वयंपाक करणारा चतुर्भुज अमीन. त्याच्या पेटीला दुहेरी तळ होता आणि त्या चोरकप्प्यात २० ब्राउनिंग पिस्तुले व काडतुसे होती. ती पॅरिसहून मिळवलेली होती आणि पाठवणारे होते विनायक दामोदर सावरकर.

धिंग्रा, सावरकर, अमीन ही तिन्ही माणसे एकाच बादशहाची प्रजा. मग एक पिस्तूल काउंटरवरून उघड मिळते आणि दुसरे पेटीच्या तळाशी लपवून आणावे लागते, हे कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधत गेले की हिंदुस्थानातल्या शस्त्रकायद्याचा सगळा इतिहास उलगडत जातो. नाशिकपासून सुरू झालेली ती वाट यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनसारख्या जंगलकाठच्या गावापर्यंत येऊन पोचते.

आधी लंडन पाहू. इंग्लंडमध्ये त्या वेळी १९०३चा पिस्तूल कायदा लागू होता. त्याची व्याप्ती लहान होती. नऊ इंचांहून कमी लांबीच्या नळीचे हत्यार म्हणजे पिस्तूल. ते विकत घेणाऱ्याने बंदुकीचा किंवा शिकारीचा परवाना दाखवावा, किंवा आपण घरमालक असून घरातल्या वापरासाठी ते घेत आहोत हे सिद्ध करावे, किंवा आपण दीर्घ काळासाठी परदेशी जात आहोत असे लेखी द्यावे. अठरा वर्षांखालच्या मुलाला, दारूच्या नशेत असलेल्याला व वेड्याला विक्री करायची नाही. इतकेच.

आणि बंदुकीचा परवाना कुठे मिळे? टपाल कार्यालयात. १८७०च्या कायद्याने ठरवलेला तो दहा शिलिंगांचा वार्षिक परवाना होता. त्याचा उद्देश चौकशी नव्हे, महसूल हा होता. आपल्याकडे एके काळी रेडिओ बाळगण्यासाठी पोस्टात पैसे भरून परवाना घ्यावा लागे. थोडाफार तसाच प्रकार. हत्यार कशासाठी हवे, हे टपाल कारकून विचारत नसे. अर्जदार गोरा की काळा, हे तर मुळीच विचारत नसे.

धिंग्रा यांनी नंतर टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या नेमबाजीच्या गाळ्यात जाऊन सराव केला, तोही उघडपणे, पैसे देऊन. १ जुलै १९०९ च्या रात्री इंपीरियल इन्स्टिट्यूटमधल्या समारंभात त्यांनी सर विल्यम कर्झन वायली यांच्यावर गोळ्या झाडल्या. मध्ये पडलेले पारशी डॉक्टर कावस लालकाका हेही मारले गेले. अंगझडतीत कोल्टखेरीज बेल्जियन बनावटीचे आणखी एक पिस्तूल आणि एक खंजीर सापडला. १७ ऑगस्ट रोजी पेंटनव्हिल तुरुंगात त्यांना फाशी झाली. लालकाकांचे नाव या कथेत बहुतेक वेळा एका ओळीत उरकले जाते. त्यांना मारण्याचा कट कुणी केला नव्हता, ते मध्ये आले एवढेच. म्हणून तरी ते नाव लक्षात ठेवावे.

खटल्यात हत्येचा गुन्हा सिद्ध झाला. पण पिस्तूल विकत घेणे हा स्वतंत्र गुन्हा ठरण्याचा प्रश्न नव्हता, कारण ती खरेदी पूर्णपणे कायदेशीर होती.

आता हिंदुस्थान. इथे १८७८ सालचा अकरावा कायदा, म्हणजेच इंडियन आर्म्स ॲक्ट, लागू होता. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत तो मार्च महिन्यात संमत झाला. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच महिन्यातला. लेखणी आणि हत्यार या दोहोंचा बंदोबस्त एकाच महिन्यात करणारे सरकार कशाला भीत होते, हे वेगळे सांगायला नको. १८५७ला तेव्हा जेमतेम वीस वर्षे झाली होती.

या कायद्याने विनापरवाना शस्त्र बाळगणे, ते घेऊन फिरणे, त्याची विक्री करणे आणि ते देशात आणणे या सगळ्यांवर बंदी आली. साध्या उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद होती. सरकारी नोकर, रेल्वे किंवा इतरांपासून लपवण्याच्या हेतूने उल्लंघन केले, तर ती सात वर्षांपर्यंत जाई. अमीनच्या पेटीचा दुहेरी तळ नेमका या दुसऱ्या प्रकारात मोडत होता.

मात्र कायद्याचा खरा डंख त्याखालच्या नियमांत होता. कुणाला परवान्याची गरज नाही, याची एक यादी त्या नियमांना जोडलेली होती. युरोपीय, अमेरिकन, आर्मेनियन आणि अँग्लो-इंडियन या यादीत सरसकट होते. हिंदी लोकांपैकी राजेरजवाडे, विधिमंडळाचे सभासद आणि सरकारी किताब मिळवलेले प्रतिष्ठित लोक होते. बाकीच्यांनी अर्ज करायचा. म्हणजे पुण्यात नव्यानेच आलेला विशीतला इंग्रज कारकून रिव्हॉल्व्हर कमरेला लावून खुशाल फिरू शकत होता आणि त्याच पुण्यातल्या निवृत्त देशी मामलेदाराला त्यासाठी कलेक्टरची मर्जी सांभाळावी लागत होती.

किताब मिळाला की शस्त्राची मोकळीक मिळे, ही गोष्ट पुन्हा वाचावी अशी आहे. हत्यार हे त्या व्यवस्थेत राजनिष्ठेचे बक्षीस होते. रावबहादुराच्या दिवाणखान्यातली भिंतीवर टांगलेली दुनळी बंदूक शिकारीपेक्षा दर्जा दाखवण्याच्या कामी जास्त येई.

या यादीतली एक सवलत आजही जिवंत आहे. कोडगूच्या कोडव समाजाला व तिथल्या जम्मा जमीनधारकांना इंग्रज काळापासून परवान्यातून सूट आहे आणि केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवली आहे. वंश आणि जमीन पाहून शस्त्र देण्याची एकोणिसाव्या शतकातली रीत स्वतंत्र भारतात अशी एका कोपऱ्यात टिकून राहिली.

या कायद्याविरुद्ध पहिली संघटित तक्रार क्रांतिकारकांनी केलेली नव्हती. ती केली काँग्रेसने, तीही अगदी मवाळ काळात. १८८७च्या मद्रास अधिवेशनात, मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी अध्यक्ष असताना, आर्म्स ॲक्टमध्ये बदल व्हावा असा ठराव झाला. पुढे १९१८मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचे आवाहन करताना गांधीजींनीही याच कायद्याचा दाखला दिला: तो रद्द व्हावा असे वाटत असेल, तर सैन्यात जाऊन शस्त्र चालवायला शिका. अहिंसेचा पुरस्कर्ता शस्त्रबंदीला अपमान मानतो, यात अनेकांना विसंगती दिसते. त्या पिढीला ती दिसत नव्हती. हत्यार हाती घ्यायचे नाही, हे आपण ठरवणे वेगळे आणि दुसऱ्याने ते हातातून काढून घेणे वेगळे.

आता ती पेटी. मित्रमेळ्यातून वाढलेल्या अभिनव भारत या गुप्त संघटनेचे मूळ नाशिकात होते. संघटनेला स्फोटकांची विद्या पॅरिसमधल्या रशियन क्रांतिकारकांकडून मिळाली. सेनापती बापट आणि हेमचंद्र दास यांची नावे त्या संदर्भात येतात. परंतु बाँब तयार करायला जागा, रसायने आणि निवांतपणा लागतो. पिस्तूल विकत घेता येते. फ्रान्समध्ये १८८५च्या कायद्याने शस्त्रांचा व्यापार जवळजवळ खुला केला होता. बेल्जियममध्ये एर्स्तालच्या कारखान्यात अमेरिकन कारागीर जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्याची चपटी, खिशात मावणारी पिस्तुले निघत होती. रिव्हॉल्व्हरसारखा त्यांना फुगीर गोल कप्पा नसतो, त्यामुळे ती कपड्यांत उठून दिसत नाहीत. पेटीच्या तळाशी ठेवायलाही ती सोयीची.

पिस्तुले मुंबईत आली ती मार्च १९०९च्या पहिल्या आठवड्यात. पण ती ज्यांच्यासाठी होती, ते गणेश उर्फ बाबाराव सावरकर त्याच सुमारास पकडले गेले होते. पिस्तुले येणार असल्याची कल्पना त्यांनी अटकेपूर्वी एका सहकाऱ्याला दिली होती, म्हणून तो साठा हाती लागला आणि पुढे वाटला गेला. जूनमध्ये बाबारावांना देशभक्तिपर कविता छापल्याबद्दल जन्मठेप, म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कवितांसाठी जन्मठेप हे त्या काळच्या मानानेही धक्कादायक होते. त्यांना खटल्यासाठी पुढे पाठवणारे अधिकारी होते नाशिकचे कलेक्टर आर्थर जॅक्सन.

जॅक्सन हे सरधोपट साहेब नव्हते. संस्कृतचा त्यांचा व्यासंग मोठा होता आणि लोक त्यांना ‘पंडित जॅक्सन’ म्हणत. गुजरात आणि कोकणातल्या लोकश्रद्धांविषयी त्यांनी जमवलेली सामग्री पुढे एन्थोव्हेन यांनी दोन खंडांत प्रसिद्ध केली. लोकसाहित्याचे अभ्यासक आजही ती चाळतात. बढतीवर मुंबईला जाण्यापूर्वी त्यांच्या निरोपाप्रीत्यर्थ २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर मंडळीने ‘शारदा’चा प्रयोग लावला. देवलांचे हे नाटक बालाजरठ विवाहावरचे. प्रयोगाला आलेल्या जॅक्सन यांच्यावर जेमतेम अठरा वर्षांच्या अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या.

कान्हेरे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, पण औरंगाबादेत शिकायला राहिलेले. म्हणजे निजामाच्या मुलुखातून आलेले. त्यांच्या हातातले ब्राउनिंग हे लंडनहून आलेल्या त्या वीसांपैकीच एक होते, असे रौलट समितीच्या १९१८च्या अहवालात नमूद आहे.

कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. नाशिक कटाच्या मुख्य खटल्यात ३८ आरोपी होते, त्यांतील २७ दोषी ठरले. सावरकरांना १३ मार्च १९१० रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर अटक झाली. त्यांच्यावरच्या आरोपांत शस्त्रे मिळवणे व वाटणे हा आरोप ठळकपणे होता. पेटी घेऊन येणारा चतुर्भुज अमीन याच प्रकरणात माफीचा साक्षीदार झाला. मार्सेची उडी आणि दोन जन्मठेपा ही पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे.

इथे क्षणभर थांबून एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. पॅरिसला ब्राउनिंग पिस्तूल विकले जाणे बेकायदा नव्हते. लंडनमध्ये परवानाधारकाने ते बाळगणेही बेकायदा नव्हते. हत्यार तेच, काडतूस तेच, माणूसही तोच. मुंबईच्या धक्क्यावर पाऊल पडताच त्या माणसाचे रूपांतर गिऱ्हाइकातून गुन्हेगारात झाले. परदेशी शिकायला गेलेल्या हिंदी तरुणांच्या मनात जी राजकीय जागृती झाली, तिची कारणे सांगताना मॅझिनीचे चरित्र, आयरिश चळवळ, रशियन क्रांतिकारक यांची नावे घेतली जातात. गॅमेजेसच्या काउंटरवरचा अनुभवही त्या यादीत असायला हवा. तिथे पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना इतर नागरिकांसारखे वागवले होते, आणि तेही राज्यकर्त्यांच्या राजधानीत!

शस्त्र आणण्याच्या दुसऱ्या वाटा पुढे बंगालने शोधल्या. ऑगस्ट १९१४मध्ये कलकत्त्याच्या रोडा कंपनीकडे आलेल्या मालातून ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे क्रांतिकारकांनी पळवली. कस्टममधून माल सोडवून आणणारा कंपनीचा कारकूनच त्यांच्यात सामील होता. पुढची कित्येक वर्षे बंगालभर घडलेल्या घटनांत ही माउझर सापडत राहिली.

यानंतर १९२० हे साल येते आणि दोन्ही देशांचे रस्ते विचित्र रीतीने एकमेकांजवळ सरकतात. हिंदुस्थानात नव्या आर्म्स रूल्सनी गोऱ्यांची सरसकट सूट काढून घेतली; निदान कागदावर तरी वंशभेद संपला. इंग्लंडमध्ये त्याच वर्षी फायरआर्म्स ॲक्ट आला. महायुद्धाहून परतलेले लाखो शस्त्रशिक्षित सैनिक, रशियातली क्रांती, आयर्लंडचा भडका या सगळ्यांनी सरकार धास्तावले होते. दहा शिलिंगांचा टपाली परवाना आता पुरेसा राहिला नाही. पिस्तूल हवे असेल, तर पोलीसप्रमुखाकडे जायचे आणि त्याला पटेल असे ‘योग्य कारण’ दाखवायचे. अर्थात, जी भीती हिंदी प्रजेविषयी होती, ती सरकारला आता स्वतःच्या प्रजेविषयी वाटू लागली होती.

‘योग्य कारण’ हे दोन शब्द लक्षात ठेवावेत. पुढे ते दिल्लीत भेटतात.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर काय व्हायला हवे होते? १९३१च्या कराची ठरावात काँग्रेसने नागरिकांच्या मूलभूत हक्कांची यादी केली. त्यात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला होता. डिसेंबर १९४८मध्ये संविधान सभेत हरी विष्णू कामत यांनी तो हक्क मसुद्यात घालण्याची दुरुस्ती मांडली. कामत संविधान सभेत आले होते ते मध्य प्रांत व वऱ्हाडातून, म्हणजे यवतमाळ जिल्हा ज्या प्रांतात होता त्याच प्रांतातून. डॉ. आंबेडकरांनी दुरुस्तीला विरोध केला. परकी सरकारविरुद्धची ती मागणी होती आणि परिस्थिती आता बदलली आहे. असा हक्क भेद न करता सगळ्यांना देणे समाजाच्या हिताचे होणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली. अवघ्या वर्षभरापूर्वीचे फाळणीचे रक्तपात पाहता, ती फेटाळली गेली याचे नवल वाटत नाही.

आज संविधानात नागरिकांच्या स्वातंत्र्यांच्या यादीत शस्त्रांचा उल्लेख येतो, तो उलट्या अंगाने. एकोणिसाव्या अनुच्छेदात शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आहे. शस्त्र धारण करण्याला मान्यता देणारा उल्लेख पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात सापडतो आणि तो शिखांच्या कृपाणापुरता आहे.

१८७८चा कायदा स्वतंत्र भारतातही पंधरा वर्षे चालू राहिला. १९५९मध्ये नवा शस्त्र अधिनियम झाला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. याच कायद्यात मुकुटबनसारख्या गावासाठी लिहिल्यासारखे एक कलम आहे.

मुकुटबन यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, झरी-जामणी तालुक्यात. सागाचे जंगल, कोलाम आणि गोंड वस्त्या, कपाशी-तुरीची शेते. दक्षिणेला पैनगंगा आणि पलीकडे तेलंगण. इंग्रज काळात हा सारा भाग वऱ्हाडात मोडे. १९०५ पर्यंत जिल्ह्याचे नाव वणीवरून होते, यवतमाळवरून नव्हे. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा मुलूख. १८५३ पासून कारभार इंग्रजांचा आणि १९०३ पासून तो कायमच्या पट्ट्याने. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे स्वतंत्र आदेश काढून लागू करावे लागत. नदी ओलांडली की निजामाचे राज्य, निजामाची पोलीस आणि निजामाचे कायदे. राज्याची हद्द पाण्यातून जात असे आणि रानडुकरे ती दोन्ही बाजूंनी पोहून पार करत.

रानडुक्कर आणि रोही यांनी रातोरात उभे पीक लोळवणे ही इथली फार जुनी कटकट. शेतकरी मचाण बांधून जागल करतात, डबे वाजवतात, शेकोट्या पेटवतात. १९५९च्या कायद्याने हा शेतकरी ओळखला. त्याचे तेरावे कलम दोन वेगळे दरवाजे उघडते. पहिला दरवाजा असा: पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक, किंवा संरक्षणासाठी अथवा क्रीडेसाठी वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीची गुळगुळीत नळीची बंदूक हवी असेल, तर इतर अडचण नसल्यास परवाना द्यावा. म्हणजे देण्याकडे कल. दुसरा दरवाजा बाकी सगळ्या शस्त्रांसाठी, त्यात पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर आले. तिथे अर्जदाराकडे ‘योग्य कारण’ आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे.

१९२०च्या लंडनमधले तेच दोन शब्द.

हा भेद केवळ हत्याराच्या ताकदीचा नाही. ठासणीच्या बंदुकीत दारू ठासायची, छर्रे भरायचे, बार काढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. ती लांब असते, लपत नाही आणि खांद्यावर घेतली की साऱ्या गावाला दिसते. पिस्तूल खिशात जाते. पीक राखायला पिस्तुलाचा काही उपयोग नाही, ते माणसासाठीच असते. कायद्याला हे नेमके कळते आणि या बाबतीत कायद्याचे चुकते असे म्हणता येणार नाही.

त्याच कायद्यातले चौदावे कलम आणखी एक गोष्ट सांगते: अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. रावबहादुरांच्या यादीवर काढलेली ही फुली होती. व्यवहारात मात्र पिस्तुलाचा परवाना मिळवणाऱ्यांत व्यापारी, कंत्राटदार, सराफ आणि राजकीय पुढारी जास्त दिसतात, कारण ‘जिवाला धोका’ दाखवणारी कागदपत्रे त्यांना जमवता येतात. कोलाम पोडावरच्या माणसाला अस्वलाचा धोका असतो. पण त्या धोक्याचे प्रमाणपत्र कोण देणार?

आज मुकुटबनच्या एखाद्या रहिवाशाला पहिले पिस्तूल घ्यायचे झाले, तर दुकान सर्वांत शेवटी येते. वय एकवीस पूर्ण हवे. २०१६च्या नियमांनुसार शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला हवा. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे यवतमाळला. तिथून चौकशीसाठी कागद उलटा मुकुटबन पोलीस ठाण्यात येतो: गुन्हे आहेत का, शेजाऱ्यांशी भांडण आहे का, कारण खरे आहे का. मंजुरी मिळाली तर राष्ट्रीय नोंदणीतला एक विशिष्ट क्रमांक मिळतो आणि मग विक्रेत्याकडे जायचे. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनपेक्षा जास्त बंदुका असू शकत नाहीत, पूर्वी तीन चालत. परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली.

आणि मग प्रश्न येतो नव्याचा की जुन्याचा. या प्रश्नाचे भारतातले उत्तर जगाहून उलटे आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यात परदेशी हत्यारांची आयात सामान्य परवानाधारकांसाठी बंद झाली. त्यामुळे त्याआधी देशात आलेली वेब्ली, कोल्ट, स्मिथ अँड वेसन ही हत्यारे मोजकीच उरली आणि दर पिढीत त्यांची किंमत चढत गेली. इतर देशांत वापरलेले पिस्तूल स्वस्त मिळते. इथे आजोबांचे वेब्ली नव्या सरकारी रिव्हॉल्व्हरपेक्षा महाग पडते. नव्यासाठी मुख्य आधार आयुध निर्माणींचा: कानपूरचे रिव्हॉल्व्हर, ईशापूरचे ‘अशनी’ पिस्तूल. २०१४मध्ये कानपूरने महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे अर्ध्या किलोचे रिव्हॉल्व्हर काढले, तेव्हा त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती. एवढ्या पैशांत झरी-जामणीतल्या शेतकऱ्याची बैलजोडी यायची.

मापाचीही एक गंमत आहे. पोलीस आणि सैन्य वापरतात ते ९ मिलिमीटर माप सामान्य माणसाला वर्ज्य. त्याच्या वाट्याला मुख्यतः ०.३२ इंचाचे माप येते. ‘अशनी’ जे काडतूस उडवते, तेच ७.६५ मिलिमीटरचे काडतूस ब्राउनिंग यांनी विसाव्या शतकाच्या तोंडावर आपल्या खिशातल्या पिस्तुलांसाठी घडवले होते. कायदेशीर भारतीय पिस्तूल अजून १९०९च्या काळातलेच काडतूस झाडते.

या साऱ्या कागदांना फाटा देऊन मिळणारे हत्यार म्हणजे गावठी कट्टा. महाराष्ट्रातल्या पोलिसांच्या बातम्यांत तो आठवड्याला एकदा तरी येतो. त्याला अर्ज, चौकशी, ‘योग्य कारण’ यांतले काही लागत नाही. लागतो तो ओळखीचा माणूस आणि पेटीचा तळ.

परवानाधारकाला मात्र एक प्रसंग वारंवार येतो. निवडणूक जाहीर झाली की जिल्ह्यातल्या परवान्यांची छाननी होते आणि समिती ज्यांची नावे काढेल, त्यांनी आपली शस्त्रे जमा करायची असतात. मुकुटबनच्या ठाण्यात अशा वेळी कुणाची दुनळी येते, कुणाची ठासणीची. हवालदार नोंदवहीत क्रमांक उतरवतो, पावती देतो. मतमोजणी होऊन आचारसंहिता उठेपर्यंत बंदूक सरकारकडे असते आणि तिच्या मालकाच्या हाती राहतो तो फक्त कागद. तेवढ्यात तूर शेंगांवर आलेली असली, तर त्याने पुन्हा डबा वाजवायचा.